पासपोर्टवर शिक्का लागत नाही, म्हणजे चांगलंच ना?

पत्र:

ताई नमस्कार. मी इंदूरला लोकमान्य नगरला राहते. माझा भाचा बी.कॉम. झालाय, वर्षभर भंवरकुआंच्या क्लासला जाऊन काही जमलं नाही म्हणून आता एका एजंटकडून सायप्रसच्या युनिव्हर्सिटीत हॉटेल मॅनेजमेंटला ॲडमिशन घेतलीय, भावाने पहिला हप्ता भरला पण. एजंट म्हणतो सायप्रस युरोपियन युनियनमध्ये आहे, व्हिसासाठी दिल्लीला जायची झंझट नाही, एअरपोर्टवर उतरल्यावरच मिळतो, शिक्का पण पासपोर्टवर नाही तर वेगळ्या कागदावर मारतात म्हणून पासपोर्ट क्लीन राहतो, आणि चार-पाच वर्षं राहिलं की तिकडचाच पासपोर्ट मिळून पूर्ण युरोप खुला. आमचे जावई म्हणाले की हा देशच खोटा आहे, जगात कोणी मानत नाही. त्यावरून घरात भांडण झालं. मी ऑफर लेटर वाचलं तर युनिव्हर्सिटीच्या पत्त्यात शेवटी "मर्सिन १०, तुर्की" लिहिलंय. सायप्रसचा पत्ता तुर्कीचा कसा? देश खोटा असतो का? भाऊ म्हणतो तू मध्ये पडू नको, पण मला झोप येत नाहीये.
— एक आत्या

उत्तर:

ताई, तुम्ही पत्ता शेवटपर्यंत वाचलात हे फार बरं केलंत. घरातल्या बाकी कोणी वाचला नसावा, आणि सगळी गोष्ट त्या एका ओळीतच आहे.

मर्सिन हे तुर्कीच्या दक्षिण किनाऱ्यावरचं शहर आहे, मध्ये समुद्र आणि पलीकडे सायप्रस बेट. बेटाच्या उत्तर भागाला पत्र पाठवायचं तर ते आधी तुर्कीला जातं आणि तिथून पुढे, म्हणून पत्त्यात मर्सिन १० लिहावं लागतं. लेटरहेडवरचा फोन नंबर पण बघा, +९० ३९२ ने सुरू होत असेल, +९० हा तुर्कीचा कोड आहे. चालतो लिरा, तोही तुर्कीचा. हे सगळं कशामुळे, तर १९७४ च्या जुलैमध्ये ग्रीसच्या लष्करी राजवटीच्या पाठिंब्याने सायप्रसमध्ये बंड झालं, पाच दिवसांत तुर्कीचं सैन्य उतरलं, बेटाचे दोन भाग झाले, उत्तरेचे ग्रीक दक्षिणेला पळाले आणि दक्षिणेचे तुर्क उत्तरेला, आणि मग १५ नोव्हेंबर १९८३ ला उत्तरेने आपण स्वतंत्र देश आहोत असं जाहीर केलं. तीनच दिवसांनी युनोच्या सुरक्षा परिषदेने ठराव ५४१ काढून सांगितलं की ही घोषणा कायद्याने धरता येणार नाही. तेव्हापासून आजपर्यंत त्या देशाला मान्यता दिलीय ती फक्त तुर्कीने. भारताने दिलेली नाही, भारत अख्ख्या बेटाचं एकच सरकार मानतो आणि ते दक्षिणेचं.

तर तुमचे जावई अर्धे बरोबर आहेत. खोटा देश म्हणजे कोणी घरात बसून झेंडा छापला आणि पासपोर्ट विकले, तसं हे नाहीये. तिथे सरकार आहे, पोलीस आहेत, कोर्टं आहेत, निवडणुका होतात, युनिव्हर्सिट्या आहेत, फामागुस्ताची ईस्टर्न मेडिटरेनियन युनिव्हर्सिटी तर १९७९ पासूनची आहे, हजारो परदेशी मुलं तिथे शिकतात. लोकं जन्मतात, लग्नं करतात, घरं बांधतात. फक्त तिथल्या सरकारने दिलेला कागद त्या सरकारच्या हद्दीबाहेर किती लांब चालतो, हा प्रश्न आहे. आपल्या इंदूरच्या लोकांना हे समजायला कठीण नको खरं तर. होळकरांचं राज्य होतं, स्वतःचे कायदे, स्वतःची कोर्टं, १८८६ पासून स्वतःची टपाल तिकिटं सुद्धा, पण ते तिकीट चालायचं राज्याच्या आतच, आणि इंदूरच्या माणसाला विलायतेला जायचं तर होळकर सरकारचा कागद नाही चालायचा, पासपोर्ट ब्रिटिश इंडियाचा लागायचा, त्यावर लिहिलेलं असायचं की हा ब्रिटिशांच्या संरक्षणाखालचा माणूस. राज्य खोटं होतं का, नाही, आपले पणजोबा त्यातच राहिले. पण बाहेरच्या काउंटरवर त्याचा कागद चालत नव्हता.

म्हणून माझं म्हणणं असं की घरात "देश खरा की खोटा" यावर भांडणं सोडा, त्यातून काही निघणार नाही. एकच गोष्ट विचारा, प्रत्येक कागदाबद्दल विचारा: हा कागद कोणत्या काउंटरवर चालेल, आणि जिथे चालला नाही तिथे पोराच्या मागे कोण उभं राहील.

आता एजंटचं बोलणं एकेक करून बघू.

सायप्रस युरोपियन युनियनमध्ये आहे हे खरंय, १ मे २००४ पासून. पण युनियनचे कायदेकानून उत्तर भागात लागू नाहीत, ते तेव्हापासूनच थांबवून ठेवलेले आहेत. युरो चालतो तो दक्षिणेत, २००८ पासून. आणि शेंगेन म्हणजे जो एक व्हिसा घेऊन बरेच देश फिरता येतात, त्यात २०२५ पर्यंत तर दक्षिण सायप्रसही आलेला नव्हता. एजंटने एका बेटाचं खरं वाक्य घेतलं आणि त्याच बेटाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाला चिकटवलं. ओळखायची सोपी खूण सांगते, तिकीट बघा. लार्नाका किंवा पाफोसचं असेल तर दक्षिण, आणि त्याच्यासाठी व्हिसा दिल्लीच्या सायप्रस हायकमिशनमधून आधी घ्यावाच लागतो. एर्जानचं असेल तर उत्तर. एर्जानला जगातून कुठूनही थेट विमान नाहीये, सगळी तुर्कीतूनच जातात, इस्तंबूलला बदलायचं आणि पुढे. "दिल्लीला जायची झंझट नाही" ही सोय नाहीये ताई, दिल्लीत त्यांची मान्यता असलेली एम्बसीच नाही, असणार कशी, भारताने देशच मानलेला नाही.

आता शिक्क्याचं. मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त टोचलं ते हेच, कारण यात खोटं काही नाही आणि तरी ते पूर्ण उलटं सांगितलंय. उत्तर सायप्रसवाले शिक्का वेगळ्या कागदावर मारून देतात हे खरं आहे, मागितला तर देतातच, आणि हे सुरू झालं कारण प्रवाशांना भीती असायची की तो शिक्का पासपोर्टवर दिसला तर पुढे ग्रीस नाहीतर दक्षिण सायप्रस अडवेल. म्हणजे तो कागद हीच खूण आहे की या शिक्क्याने बाहेर अडचण होऊ शकते. आणि पासपोर्ट क्लीन बिलकुल राहत नाही, आपल्या इमिग्रेशनचा जायचा शिक्का असतो, तिकिटं असतात, तीन वर्षं कुठे होतास हे कोणीही विचारेल आणि त्याला खरं तेच सांगावं लागेल. व्हिसाच्या फॉर्मवर खोटं लिहिलेलं पकडलं गेलं तर तो डाग कुठल्याही शिक्क्यापेक्षा मोठा असतो, पोराला हे आधीच नीट सांगा.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दक्षिणेच्या सरकारने एर्जान विमानतळ आणि उत्तरेची बंदरं ही बेटात शिरायची बेकायदेशीर ठिकाणं म्हणून जाहीर केलेली आहेत. तुमचा भाचा एर्जानला उतरला की दक्षिणेच्या हिशोबात तो सायप्रसमध्ये गैरकानूनी शिरलेला माणूस झाला, त्याने स्वतः काही चूक केली नसली तरी. बेटाची राजधानी निकोसिया, त्या शहराच्या मधोमध लेड्रा रस्त्यावर उत्तरेतून दक्षिणेत जायची चौकी आहे, २००८ पासून उघडलेली, टुरिस्ट लोक पायी इकडून तिकडे जातात आणि कॉफी पिऊन परत येतात, पण एर्जानने आलेल्या भारतीय पोराला तिथे दक्षिणेचे पोलीस परत पाठवू शकतात.

आणि आता ऐका, भारताचं हायकमिशन कुठेय? निकोसियातच, पण दक्षिणेच्या बाजूला. पोराचा पासपोर्ट हरवला, कोणी हिसकावून ठेवला, मारामारीत फसला, आजारी पडला, तर आपली माणसं काही किलोमीटरवर बसलेली असतील आणि त्याला तिथपर्यंत पोचणं अवघड, आणि त्यांचंही उत्तरेच्या पोलिसांशी, कोर्टाशी सरळ सरकारी नातं नाही. माझ्या मते या सगळ्यात हेच सर्वात गंभीर आहे, डिग्री, नोकरी सगळं नंतर. आपण मुलाला बाहेर पाठवतो तेव्हा पासपोर्टच्या पहिल्या पानावर राष्ट्रपतींच्या नावाने विनंती छापलेली असते की याला अडवू नका, गरज पडली तर मदत करा. ती विनंती ज्या सरकारला केलीय ते सरकार आणि भारत एकमेकांशी बोलत असावेत, तेव्हा तिचा उपयोग.

(हे सांगताना एक आठवलं, त्या बेटाशी आपलं नातं जुनं आहे, १९६४ पासून युनोची शांतिसेना तिथे आहे आणि तिचे एक कमांडर आपले जनरल थिमय्या होते, डिसेंबर १९६५ मध्ये तिथेच वारले, सायप्रसने त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं. जून २०२५ मध्ये पंतप्रधान मोदी गेले तेव्हा तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी त्यांना ती बेट कापणारी रेषा दाखवायला नेलं होतं. म्हणून भारत उद्या-परवा उत्तरेला मान्यता देईल असं कोणी म्हणालं तर त्या भरवशावर बसू नका.)

आता "चार-पाच वर्षांत पासपोर्ट". हे मात्र सरळ सरळ फसवणं आहे, त्याला दुसरं नाव नाही. उत्तर सायप्रसचा पासपोर्ट असतो, तिथले लोक वापरतात, पण तो युरोपियन युनियनचा पासपोर्ट नाही. तुर्कीत तो चालतो. ब्रिटन, अमेरिका असे थोडे देश तो बघून व्हिसाचा अर्ज घेतात, पण देशाला मान्यता नाही म्हणून व्हिसाचं स्टिकर त्या पासपोर्टवर चिकटवत नाहीत, वेगळ्या कागदावर लावून देतात. युरोपियन युनियनने तर २००२ साली अशा न मानलेल्या पासपोर्टवाल्यांसाठी ठरलेल्या नमुन्याचा कागदच केलाय. म्हणजे बघा, तिकडे जाणाऱ्याचा शिक्का वेगळ्या कागदावर आणि तिथून निघणाऱ्याचा व्हिसा पण वेगळ्या कागदावर.

मग तिथले लोक युरोपात जातात कसे? तर जे तुर्की सायप्रियट मूळ सायप्रसचे आहेत, म्हणजे आई-बाप, आजी-आजोबा जुन्या एकत्र सायप्रसचे नागरिक होते, त्यांना दक्षिणेचं सरकार आपलेच नागरिक मानतं, आणि २००३ च्या एप्रिलमध्ये रेषा उघडल्यावर हजारो लोकांनी जाऊन दक्षिणेचा पासपोर्ट काढला. तोच युरोपियन पासपोर्ट. त्यातही ज्यांचा एक पालक १९७४ नंतर तुर्कीहून आलेला आहे अशा कितीतरी मुलांचे अर्ज वर्षानुवर्षं पडून आहेत, जन्म तिथला, आई तिथली, भाषा तिथली, आणि तरी पासपोर्ट नाही. मला त्या मुलांचं खरंच वाईट वाटतं, त्यांनी काय केलंय. पण तुम्हीच सांगा, जिथे जन्मलेल्या मुलांना तो मिळत नाहीये तिथे इंदूरहून तीन वर्षं हॉटेल मॅनेजमेंट करायला गेलेल्या मुलाला कोण देणार? आणि उत्तरेचा घ्यायचा म्हटला तर आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाहीये, १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं. एका देशाने मानलेल्या पासपोर्टसाठी जगाने मानलेला पासपोर्ट धोक्यात घालायचा विचारसुद्धा कोणी घरात करू नये.

तुमच्या भावाला वाटत असेल की मान्यता नसेल तर काय झालं, तैवानला पण नाहीये. हो, आणि हा मुद्दा चुकीचा नाहीये. तैवान १९७१ पासून युनोत नाही, भारत पण त्याला वेगळा देश म्हणून मानत नाही, तरी तैवानच्या पासपोर्टवर भारत व्हिसा देतो, शेंगेनमध्ये २०११ पासून आणि अमेरिकेत २०१२ पासून ते लोक व्हिसाशिवाय जातात, आणि एम्बसी नसली तरी दिल्लीत त्यांचं ऑफिस आहे आणि तैपेईत आपलं, नावं वेगळी पण काम तेच. म्हणजे मान्यता नसली तरी एकमेकांचे कागद घ्यायची सोय करून ठेवलीय. आणि उलटं उदाहरण कोसोवोचं, २००८ ला स्वतंत्र झाला, अमेरिका आणि युरोपातल्या बहुतेक देशांनी मानला, भारताने नाही, तर नोव्हेंबर २०१८ मध्ये दिल्लीला महिलांची वर्ल्ड बॉक्सिंग चॅम्पियनशिप होती तेव्हा कोसोवोच्या बॉक्सर मुलीला आपण व्हिसा दिला नाही, खेळायला येऊच शकली नाही. ती पण कोणाची तरी भाचीच असेल. उत्तर सायप्रसच्या बाबतीत भारताने तैवानसारखी सोय केलेली नाहीये, मुद्दा एवढाच आहे.

आता करायचं काय. भावाशी भांडू नका, पैसे भरलेल्या माणसाला कोणी मूर्ख म्हटलं की तो अजून पैसे भरतो. त्याला एवढंच म्हणा की दुसरा हप्ता थांबव, पंधरा-वीस दिवसांनी काही बिघडत नाही. तेवढ्यात निकोसियाच्या भारतीय हायकमिशनला ईमेल करा, वेबसाइटवर पत्ता आहे, आणि सरळ विचारा की या नावाच्या युनिव्हर्सिटीत, एर्जानमार्गे येणाऱ्या भारतीय मुलाचा पासपोर्ट तिथे संपला किंवा हरवला तर त्याने नेमकं कुठे जायचं. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी काय सूचना टाकल्यात त्या पण तिथेच वाचा. डिग्रीबद्दल असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजला लिहा की या संस्थेच्या या कोर्सला भारतात समकक्षता मिळते का, युजीसीनेही २०२५ मध्ये परदेशी डिग्रीच्या समकक्षतेचे नवे नियम काढलेत. एजंटचं "सगळीकडे चालते" हे उत्तर धरू नका, तो काउंटर त्याचा नाहीये. एजंटला फक्त एक सांगा, की जे तोंडी बोललात ते सगळं, पासपोर्टचं पण, सही-शिक्क्याने लेटरहेडवर द्या, आणि पोरगा गेला नाही तर भरलेले पैसे किती आणि कधी परत देणार ते पण. देणार नाही बहुतेक. मग भावाला तुम्हाला काही सांगावं लागणार नाही.

भाच्याशी पण बोला, आणि तो काय शोधतोय ते आधी ऐका. त्याला खरोखर शिकायचं असेल, आणि सगळं कळल्यावरही एखाद्या जुन्या, नावाजलेल्या युनिव्हर्सिटीत जायचंच असेल, युरोपच्या आशेने नाही तर त्या कोर्ससाठी, तर मी त्याला नाही म्हणणार नाही, तिथून शिकून धडपणे परत आलेली मुलं आहेत. पण तो मनातून नोकरी शोधायला चालला असेल तर थांबवा. स्टुडंट परमिटवर मन मानेल तसं काम करता येत नाही, फी थकली की परमिट जातं, परमिट गेलं की दंड चढत जातो, आणि मग अडकलेल्या पोराला कमी पैशात राबवून घेणारे भेटतात. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचा मानवी तस्करीवर दरवर्षी रिपोर्ट निघतो, त्यात उत्तर सायप्रसवर वेगळा भाग असतो आणि स्टुडंट म्हणून आणून नंतर राबवल्या गेलेल्या मुलांबद्दल त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं, भावाला तो वाचायला द्या, इंग्रजीत आहे, भाचा वाचून दाखवेल. आणि एक, तिथे कोणी ना कोणी भेटतोच जो म्हणतो रात्री रेषा ओलांडून दक्षिणेत जाऊ, तिकडे युरोप आहे. तसं गेलेली मुलं ना इकडची राहतात ना तिकडची, वर्षं जातात. हे पोराला तुम्ही सांगा, बापाने सांगितलं तर ओरडा वाटेल, आत्याने सांगितलेलं ऐकतात.

आणि इतकं सगळं होऊनही तो गेलाच, तर निघायच्या आधी परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर स्टुडंट म्हणून त्याचं रजिस्ट्रेशन करून घ्या, पासपोर्टची किमान पाच वर्षांची मुदत शिल्लक आहे का बघा, नसेल तर आधी इथेच इंदूरच्या पासपोर्ट सेवा केंद्रात रिन्यू करा, तिथे जाऊन ते करायची वेळ येऊ देऊ नका. परतीच्या तिकिटाचे पैसे तुमच्या खात्यात वेगळे ठेवा, त्याच्या नाही. मूळ पासपोर्ट तिथे कोणालाही, कॉलेजला, हॉस्टेलला, मालकाला, दोन दिवसांसाठी म्हणून सुद्धा ठेवायला द्यायचा नाही. आणि तो वेगळा शिक्क्याचा कागद, जो एजंट म्हणतो की काही नाही, तो फेकायचा नाही, फोटो काढून तुम्हाला पाठवायचा, कारण तिथल्या पोलिसांना आपण कधी आणि कसे आलो हे दाखवायला पोराकडे तेवढाच पुरावा असेल.

ऑफर लेटर मला पाठवायचं असेल तर पाठवा, फक्त पासपोर्ट नंबर आणि जन्मतारीख झाकून. हायकमिशनचं उत्तर आलं की ते पण कळवा.